ड्रीमकास्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेगाच्या ड्रीमकास्टबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी मांडलं आहे. अगदी नवख्याच्या शंका आधी घेतल्या आहेत आणि दुरुस्तीचे व अपवादाचे मुद्दे नंतर. एकाच गोष्टीचा संबंध दोन ठिकाणी येत असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ड्रीमकास्ट म्हणजे नेमकं काय? तो कधी आला आणि कधी बंद झाला?

सेगा या जपानी कंपनीने बनवलेला हा शेवटचा घरगुती गेम कन्सोल. तो जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी आला. उत्तर अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी १९९ डॉलरला आणि युरोपात त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विक्री सुरू झाली. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि मार्चअखेर ते थांबलंही. म्हणजे अमेरिकेत त्याच्या वाट्याला जेमतेम दीड वर्ष आलं. जगभरात सुमारे ९१.३ लाख यंत्रं विकली गेली.

आत हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर, चित्रांसाठी पॉवरव्हीआर२ चिप, आवाजासाठी यामाहाची चिप आणि १६ एमबी मुख्य मेमरी. गेम यायचे ते सुमारे १ जीबी क्षमतेच्या जीडी-रॉम डिस्कवर. शिवाय इंटरनेटसाठी मोडेम सोबतच मिळायचा. १९९८ साली कन्सोलबरोबर मोडेम देणं हे धाडसच होतं.

२. इतका चांगला होता, तर बंद का पडला?

सगळं खापर प्लेस्टेशन २ वर फोडायची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. मार्च २००० मध्ये जपानात आलेल्या प्लेस्टेशन २ वर डीव्हीडी सिनेमे बघता यायचे. एकाच पैशात दोन यंत्रं मिळत असतील, तर लोक थांबणारच, आणि ते थांबले.

पण सेगाची तब्येत त्याआधीच ढासळलेली होती. ३२एक्स हे जोडयंत्र आणि सॅटर्न कन्सोल या दोघांनी ग्राहकांचा आणि दुकानदारांचा विश्वास घालवला होता. कंपनी तोट्यात होती आणि यंत्र स्वस्त ठेवायचं तर तोटा वाढत होता. त्यातच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही, त्यामुळे त्यांच्या लोकप्रिय क्रीडा मालिकांचा ग्राहक इकडे फिरकलाच नाही.

इसाओ ओकावा यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. सेगाचे अध्यक्ष असताना त्यांनी कंपनीला दिलेली स्वतःची कर्जं माफ केली आणि सुमारे ६९.५ कोटी डॉलर किमतीचे आपले शेअर कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ रोजी, ड्रीमकास्टचं उत्पादन थांबण्याच्या पंधरा दिवस आधी, ते गेले. त्यांच्या त्या देणगीमुळे सेगा बुडाली नाही आणि पुढे इतरांच्या कन्सोलसाठी गेम बनवू लागली.

३. मग पंचवीस वर्षांनंतरही लोक त्याला का धरून बसले आहेत?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे. याचं नेहमीचं उत्तर असतं, ‘अकाली गेला म्हणून हळहळ वाटते.’ मला ते पटत नाही. बाजारात आपटलेले कन्सोल पुष्कळ आहेत, पण त्यातल्या बहुतेकांसाठी आज कुणी नवा गेम लिहीत नाही. हळहळीवर पंचवीस वर्षं निघत नाहीत.

पहिलं कारण आर्केडचं, म्हणजे दुकानांत नाणं टाकून खेळायच्या गेम-यंत्रांचं. ड्रीमकास्ट आणि सेगाचा नाओमी हा आर्केड बोर्ड ही सख्खी भावंडं आहेत. रचना तीच, फक्त नाओमीत मेमरी जास्त. त्यामुळे ‘क्रेझी टॅक्सी’ किंवा ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ घरी आले ते जवळपास जसेच्या तसे. ‘सोलकॅलिबर’ तर घरी येताना सुधारला. त्याचा आर्केड बोर्ड पहिल्या प्लेस्टेशनच्या घडणीवर बेतलेला होता, आणि ड्रीमकास्टवरची आवृत्ती त्याच्या कितीतरी पुढे गेली. आर्केडचा गेम नाणं टाकल्यावर काही सेकंदांत पकड घेतो आणि काही मिनिटांत संपतो. तो पिंड या यंत्रात पुरेपूर उतरला आहे. डिस्क घाला, बटण दाबा, खेळा. खातं उघडा, अपडेट उतरवा, वाट बघा, असलं काही नाही.

दुसरं कारण चित्राचं. पॉवरव्हीआर२ चिप पडद्याचे लहान लहान चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात कोणता पृष्ठभाग पुढे आहे, हे आधी ठरवते. जे झाकलं जाणार आहे, ते रंगवत बसत नाही. वाचलेली ताकद दिसणाऱ्या भागासाठी वापरता येते. म्हणून इतक्या कमी मेमरीत इतकं स्वच्छ, भडक रंगांचं, ठसठशीत चित्र मिळतं. त्यात मॉनिटरला सरळ ४८०पी (४८० ओळी एकदम दाखवणारं) चित्र देण्याची सोय पहिल्यापासून होती (प्रश्न ११ पाहा), म्हणून ते आजही डोळ्यांना खुपत नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सेगाच्या स्टुडिओंनी त्या दोन-तीन वर्षांत जे केलं, तसं सुरक्षित धंदा करणारी कंपनी करत नाही. ‘जेट सेट रेडिओ’ने जाड काळ्या रेघांचं, हाताने रंगवल्यासारखं त्रिमित शहर उभं केलं. ‘स्पेस चॅनल ५’मध्ये पृथ्वी वाचते ती नाचून. ‘सांबा दे अमिगो’ हातात माराकास, म्हणजे खुळखुळे, घेऊन खेळता येतो आणि ते कोणत्या उंचीवर आहेत, हे यंत्र अल्ट्रासोनिक लहरींनी ओळखतं. ‘सीमॅन’मध्ये माणसाचा चेहरा असलेल्या माशाशी मायक्रोफोनवर बोलायचं असतं. सेगाचे गेम-दिग्दर्शक यू सुझुकी यांच्या ‘शेनम्यू’मध्ये १९८६ सालचं योकोसुका आहे. त्यात घरातले खण एकेक करून उघडता येतात, शेजाऱ्यांना आपापला दिनक्रम असतो आणि नायकाला गोदीत फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी करावी लागते. यातला एखादा गेम आवडेल, एखादा अजिबात नाही. पण कुणीतरी मनापासून केलेली गोष्ट आपण खेळतो आहोत, हे प्रत्येक वेळी जाणवतं.

आणि शेवटचं म्हणजे, हा संग्रह आवाक्यातला आहे. सुमारे ६०० गेम, त्यातले वेचक शंभर. एका माणसाला तो खरोखर ओळखीचा होऊ शकतो.

४. मी त्या काळात खेळलेलो नाही. आता सुरुवात केली तर आवडेल का? कुठून सुरू करू?

आवडेल, पण ‘शेनम्यू’पासून सुरू करू नका. तो संथ आहे, तीन गेम-डिस्कवर पसरलेला आहे आणि त्याची चाल अंगवळणी पडायला वेळ लागतो. आधी ‘सोलकॅलिबर’ आणि ‘क्रेझी टॅक्सी’, मग ‘जेट सेट रेडिओ’. गोष्टीची आवड असेल तर ‘स्काइज ऑफ आर्केडिया’: हवेत तरंगणारी बेटं, त्यांच्यामधून उडणारी जहाजं, आणि नकाशावर नवं ठिकाण सापडल्याचा खराखुरा आनंद. घरात माणसं असतील तर चौघांनी मिळून ‘चूचू रॉकेट’ खेळा. नियम सांगायला एक मिनिट लागतं, थांबायला तास जातात.

‘सोनिक अ‍ॅडव्हेंचर’चा कॅमेरा आज त्रास देतो, हे खरं आहे. तरीही पहिल्या टप्प्यात सोनिकमागे लागलेला तो अवाढव्य देवमासा एकदा पाहाच.

५. कंट्रोलरमध्ये बसवायचा तो छोटा पडदा काय आहे? आणि चालू करताना कर्कश बीप का होतो?

तो व्हीएमयू. मुळात ते सेव्ह (गेममधली नोंदवलेली प्रगती) साठवायचं मेमरी कार्ड आहे, १२८ केबीचं, त्यातले २०० ब्लॉक तुमच्या वापराला. पण त्याला ४८ बाय ३२ ठिपक्यांचा पडदा आणि स्वतःची बटणंही आहेत. कंट्रोलरमध्ये असताना तो गेममधली माहिती दाखवतो. काढून घेतला की हातात मावणारा वेगळाच खेळ होतो. ‘सोनिक अ‍ॅडव्हेंचर’मधला चाओ हा छोटा जीव त्यात घालून सोबत नेता येतो. दोन व्हीएमयू एकमेकांना जोडून सेव्हही देता-घेता येतात.

बीप म्हणजे आतल्या दोन सीआर२०३२ बॅटऱ्या संपल्याची खूण. व्हीएमयू या बॅटऱ्या फार लवकर खातो, त्याला इलाज नाही. घाबरू नका, सेव्ह फ्लॅश मेमरीत असतात आणि बॅटरी संपली तरी जात नाहीत. पुष्कळ जण बॅटरी न घालताच वापरतात आणि बीप सहन करतात.

६. जुना ड्रीमकास्ट घेताना काय तपासायचं?

सर्वांत आधी व्होल्टेज. विजेचा पुरवठा यंत्राच्या आतच असतो आणि तो प्रदेशानुसार वेगळा आहे: जपानी यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकी १२० चं, युरोपीय २२० ते २४० चं. वायर सगळ्यांना तीच बसते, म्हणून फसगत होते. कमी व्होल्टचं यंत्र थेट २३० वर लावलंत तर ते गेलंच समजा. तळाचं लेबल वाचा.

मग डिस्क लावून किमान अर्धा तास खेळून बघा. पाच मिनिटांत कळत नाही असे दोष असतात (प्रश्न ८ आणि १०). चारही पोर्टांमध्ये कंट्रोलर लावून बघा. ड्राइव्हच्या घरघरीला घाबरू नका, तो निरोगी असतानाही आवाज करतो. कंट्रोलरची काठी मात्र सहसा ठणठणीत असते, कारण तिची हालचाल चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबकाची जागा न शिवता ओळखणारे) ओळखतात. घासून झिजणारी पट्टी तिच्यात नाहीच.

मूळ गेमच्या डिस्कही प्रदेशाला बांधलेल्या असतात. जपानी डिस्क युरोपीय यंत्रावर थेट चालत नाही.

७. दर वेळी चालू केला की तारीख आणि वेळ विचारतो. बिघडला का?

नाही. घड्याळाची बॅटरी संपली आहे. ही कंट्रोलर-पोर्टांच्या बोर्डवर सोल्डर केलेली असते आणि पुन्हा भारित होणारी असते, तिचा प्रकार एमएल२०३२. बदलताना होल्डर बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंग लागणार नाही.

एक चूक मात्र करू नका. तिथे साधी सीआर२०३२ बसते, म्हणून ती बसवू नये. बोर्ड तिला भारित करायला जाईल आणि ती गळू किंवा फुटू शकते. व्हीएमयूत मात्र सीआर२०३२ च लागते. दोन्हींची गल्लत होते, म्हणून मुद्दाम सांगितलं. गेमचे सेव्ह या बॅटरीवर अवलंबून नाहीत.

८. खेळता खेळता अचानक सुरुवातीच्या पडद्यावर परत येतो. काय करू?

या यंत्राचं हे सर्वांत प्रसिद्ध दुखणं, आणि बहुतेक वेळा घरच्या घरी बरं होणारं. वीजपुरवठ्याचा बोर्ड मुख्य बोर्डवरच्या उभ्या पिनांवर नुसता बसवलेला असतो. कालांतराने पिना काळवंडतात, संपर्क क्षणभर तुटतो आणि यंत्र नव्याने सुरू होतं. वायर काढून ठेवा, थोडा वेळ थांबा, झाकण उघडा, वीजपुरवठ्याचा बोर्ड उचला आणि पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसा. पिना सैल वाटत असतील तर किंचित वाकवून पकड घट्ट करतात. वीजपुरवठ्याच्या बोर्डला उघड्या बोटांनी हात लावू नका, वायर काढल्यावरही त्यात काही काळ भार राहतो.

पुसूनही चालू राहिलं, तर झाकण नीट दाबलं जातंय का पाहा. झाकणाचा स्विच सुटला तरी यंत्र मेनूवर येतं, आणि लोक उगाच पिना घासत बसतात.

९. एकही कंट्रोलर चालत नाही. चारही पोर्ट एकदम कसे गेले?

कंट्रोलर बोर्डवरचा एफ१ हा फ्यूज गेला असणार. यंत्र चालू असताना कंट्रोलर काढ-घाल केल्याने तो जाऊ शकतो. सोल्डरिंग येत असेल तर काम दहा मिनिटांचं आहे. तिथे नुसती तार जोडून भागवणारे आहेत, पण मग पुढच्या वेळी फ्यूजऐवजी काहीतरी महागाचं जळेल.

१०. डिस्क वाचत नाही. लेझर गेला का? एसडी कार्ड लावून घेऊ का?

आधी लेन्स अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा आणि दुसरी डिस्क लावून बघा. लेझरशेजारचा पोटेंशिओमीटर (प्रवाह कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) फिरवून ताकद वाढवायचा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने गेम चालू होतोही, पण थकलेल्या लेझरला जास्त प्रवाह देऊन तुम्ही त्याचं उरलेलं आयुष्य कापत असता.

जीडी-रॉम ड्राइव्ह आता कुठेच बनत नाहीत. म्हणून ड्राइव्ह काढून त्या जागी एसडी कार्ड वाचणारा जीडीईएमयूसारखा बोर्ड बसवतात. आवाज बंद होतो आणि गेम पटकन उघडतात. माझं मत: ड्राइव्ह ठीक असेल तर राहू द्या, पण मेलेल्या ड्राइव्हपायी यंत्र कपाटात टाकू नका. काढलेला ड्राइव्ह आणि स्क्रू जपून ठेवा.

११. आजच्या टीव्हीला जोडता येतो का?

येतो, आणि जुन्या कन्सोलच्या मानाने सोपं आहे. ड्रीमकास्टमधून व्हीजीए (संगणकाच्या जुन्या मॉनिटरचं) चित्र बाहेर काढता येतं आणि बहुतेक गेम ४८०पी मध्ये चालतात. व्हीजीए बॉक्स किंवा केबल घ्या आणि टीव्हीला व्हीजीए नसेल तर एचडीएमआयचं रूपांतर करणारं चांगलं साधन जोडा. यंत्र उघडायची तयारी असेल तर आत बसवायचा डीसीडिजिटल हा बोर्ड थेट डिजिटल चित्र देतो.

दोन अपवाद. मोजके गेम व्हीजीए नाकारतात, त्यांना साधी केबल लागते. आणि ‘हाउस ऑफ द डेड २’ची बंदूक सपाट पडद्यावर चालणारच नाही. ती जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर सरकणारा प्रकाशाचा ठिपका टिपून नेम ओळखते. सपाट पडद्यात तो ठिपका नसतो.

१२. साध्या सीडीवर कॉपी केलेले गेम चालतात म्हणे. कसे काय?

सेगाने मिल-सीडी नावाचा प्रकार काढला होता: गाण्यांच्या सीडीतच थोडी हलती चित्रं आणि मेनू. त्यासाठी कन्सोलला साध्या सीडीवरून प्रोग्रॅम सुरू करायची परवानगी द्यावी लागली. असे अल्बम मोजकेच निघाले, पण दार उघडं राहिलं, आणि २००० साली त्यातून कॉपी केलेले गेम आत शिरले. त्याने सेगाचं नुकसान झालं. पण कन्सोल फक्त त्यामुळे पडला असं म्हणणं प्रश्न २ मधली कारणं पाहता टिकत नाही.

चुकून उघड्या राहिलेल्या याच दारामुळे हौशी लोक कोणतीही चिप न बसवता या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहू शकले (प्रश्न १३). उशिराच्या काही यंत्रांत सेगाने ही सोय काढून टाकली. तळाच्या लेबलवर गोलात ०, १ किंवा २ असा अंक असतो. ० आणि १ असेल तर चालतं, २ असेल तर तपासूनच घ्या. विकत न घेतलेल्या गेमच्या कॉपी बनवणं मात्र आजही बेकायदेशीरच आहे, कन्सोल बंद झाला म्हणून हक्क संपत नाहीत.

१३. अजूनही नवे गेम येतात हे खरं आहे का?

खरं आहे. उत्पादन थांबल्यावरही जपानमध्ये अधिकृत गेम येत राहिले: ‘इकारुगा’ २००२ मध्ये, ‘कारूस’ २००७ मध्ये. त्यानंतर स्वतंत्र मंडळींनी सूत्रं हाती घेतली. २०१३ चा ‘स्टर्मविंड’ बघितलात तर तो हौशी काम आहे यावर विश्वास बसणार नाही. ‘झेनो क्रायसिस’ आणि ‘इंट्रेपिड इझी’ त्याहून अलीकडचे. या वर्तुळातलं पुष्कळ काम कॅलिस्टीओएस या मुक्त साधनसंचावर चालतं, आणि प्रोग्रॅमिंग येत असेल तर तुम्हीही तो वापरून बघू शकता.

१४. इंटरनेटवर खेळता येतं का? मोडेमला लागणारी फोन लाइन कुठून आणू?

खेळता येतं. ड्रीमपाय नावाची युक्ती आहे: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला यूएसबी मोडेम जोडायचा. तो ड्रीमकास्टला फोनचा डायल टोन ऐकवतो, ड्रीमकास्ट नेहमीसारखा नंबर फिरवतो, आणि पलीकडे तुमचं घरचं इंटरनेट असतं. सेगाचे सर्व्हर केव्हाच बंद झाले, पण चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ आणि ‘क्वेक ३’ चालतात. ‘क्वेक ३’साठी कीबोर्ड-माउस जरूर लावा, कंट्रोलरला दुसरी काठी नसल्याचं तिथे फार जाणवतं.

१५. संगणकावर फ्लायकास्ट किंवा रीड्रीम आहे. मग खरं यंत्र कशाला?

नुसता गेम बघायचा असेल तर असा एम्युलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उत्तम आहे, चित्रही जास्त धारदार मिळतं. तेवढ्यावर समाधान असेल तर तिथेच थांबा, त्यात कमीपणा नाही. खऱ्या यंत्रात हाताला लागणाऱ्या गोष्टी आहेत: बोटाखाली हळूहळू दाबला जाणारा ट्रिगर, व्हीएमयूवर सरकणारी आकृती, संगीतकार रियुइची साकामोटो यांनी रचलेल्या सुरावर सुरुवातीला उमटणारी ड्रीमकास्टच्या चिन्हातली ती गिरकी. आणि मासे पकडायच्या गेमसाठी बनवलेल्या गळाच्या कंट्रोलरने ‘सोलकॅलिबर’मध्ये तलवार फिरवता येते. ते एकदा केलंत की हा प्रश्न पुन्हा विचारणार नाही.

१६. समोर विंडोज सीई लिहिलं आहे. आत विंडोज आहे का?

कन्सोलच्या आत नाही. विंडोज सीईची खास आवृत्ती गेम बनवणाऱ्यांना पर्याय म्हणून दिली होती आणि वापरली तर ती डिस्कवरून यायची. ‘सेगा रॅली २’ तिच्यावर चालतो. बहुतेकांनी सेगाचीच साधनं वापरली.

१७. माझ्या यंत्रावरची गिरकी निळी आहे. नकली आहे का?

नाही, युरोपीय आहे. जपान आणि अमेरिकेत ती नारिंगी होती. एका जर्मन प्रकाशकाचं चिन्ह फार मिळतंजुळतं असल्याने युरोपात निळी केली. युरोपीय यंत्रावर गेम सुरू होताना ५० की ६० हर्ट्झ असं विचारलं, तर टीव्हीला झेपत असल्यास ६० निवडा. ५० वर पुष्कळ गेम संथ चालतात.

१८. गेमची डिस्क चुकून सीडी प्लेअरमध्ये लावली तर काय होईल?

डिस्कचं काही बिघडत नाही. जीडी-रॉमचा आतला पट्टा साध्या सीडीसारखाच असतो. पहिल्या ट्रॅकवर संगणकाची माहिती असते आणि काही जुने प्लेअर ती कर्कश आवाज म्हणून वाजवतात, म्हणून आवाज आधी कमी करा. दुसऱ्या ट्रॅकवर ही डिस्क इथे लावू नका, असा बोललेला इशारा आहे. बहुतेक डिस्कवर तो साधाच असतो, पण काहींवर त्या गेममधली पात्रंच तो देतात. ‘स्काइज ऑफ आर्केडिया’ हातात असेल तर थेट दुसरा ट्रॅक लावा.